अठरानंतरचं शिक्षण : बौद्धिक दिव्यांग तरुणांना कॉलेजच्या आवारात काम कसं शिकवायचं

विशेष शाळा संपल्यानंतरची पहिली सकाळ मी दोन-तीन घरांत जवळून पाहिली आहे. मुलगा अठराचा झालेला असतो, निरोपसमारंभ झालेला असतो, तरी तो साडेदहाला गणवेश घालून दारात रिक्षाची वाट बघत उभा राहतो. आई सांगते, "अरे, शाळा संपली आता." तो मान हलवतो आणि तिथेच उभा राहतो. शाळा संपली म्हणजे उद्यापासून काय, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रौढांची कार्यशाळा. पणत्या, राख्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या, फायली, फिनेल अशी कामं तिथे चालतात. पुण्यातली कामायनी १९६४पासून आणि मुंबईतली जय वकील १९४४पासून या मुलांसाठी उभ्या आहेत. अशा ठिकाणी जागा मिळाली तर घराचा मोठाच भार हलका होतो. पण तालुक्याच्या गावात अशी कार्यशाळा सहसा नसते. मग उरते दुसरी वाट, घर आणि टीव्ही. दोन वर्षांत मुलाचं वजन वाढतं, झोप बिघडते, आणि शाळेत कष्टाने शिकलेलं एकेक विसरायला होतं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गेली काही वर्षं एका विशेष शिक्षिकेच्या साथीने आमच्या आवारात अशा तरुणांना काम शिकवतो आहोत. जवळपास प्रत्येक तालुक्यात एक तरी कॉलेज असतं. तिथे ग्रंथालय, कॅन्टीन, झेरॉक्सची खोली, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग आणि भांडार असतं. शिवाय त्यांच्याच वयाची शेकडो मुलं असतात. मुंबईत सोफिया कॉलेजच्या आवारात एसपीजे साधना ही विशेष शाळा आहे, तिथे या तरुणांना व्यवसायशिक्षण मिळतं. अमेरिकेत २००८च्या उच्चशिक्षण कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त कॉलेज अभ्यासक्रमांसाठी सरकारी अर्थसाहाय्याचा मार्ग खुला केला. आपल्याकडे अजून कुणी तसा सरसकट कार्यक्रम आखलेला नाही म्हणून थांबायचं कारण नाही. प्राचार्यांची परवानगी, एक विशेष शिक्षक आणि दोन मनापासून तयार असलेले कर्मचारी एवढ्यावर सुरुवात होते.

या सगळ्या लेखात मला एकच गोष्ट पटवायची आहे. काम जिथे करायचं, तिथेच शिकवायचं. "आधी शिकून तयार होऊ दे, मग कामाला लावू" हा क्रम या मुलांच्या बाबतीत फसतो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप नेता न येणं हीच त्यांची खरी अडचण असते. शाळेतलं टेबल लख्ख पुसणारी मुलगी कॅन्टीनच्या टेबलापाशी गोंधळून उभी राहते, कारण तिच्या लेखी ते वेगळंच काम असतं.

कागदपत्रं आधी

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावं लागतं. कार्ड आलं की एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि रोजच्या येण्याजाण्यात तीच सगळ्यात उपयोगी पडते.

अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे कित्येक घरांना बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. मात्र हे करण्याआधी थांबून विचार करा. जो तरुण स्वतःची सही करतो, पैसे ओळखतो, हो-नाही समजून सांगतो, त्याच्यासाठी पालक नेमण्याची घाई नको. त्याचं खातं त्याच्याच नावाने उघडा. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च तीत मिळतो. तीही याच फेरीत करून घ्या.

घरात संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान येत असेल, तर पगार सुरू होण्याआधी तहसील कचेरीत उत्पन्नाच्या मर्यादेची चौकशी करा. अनुदान जाईल या भीतीने चालू काम सोडायला लावलेली मुलं मी पाहिली आहेत.

आवारात काम शोधणं

वही घेऊन दोन दिवस कॉलेजभर हिंडा. "यांना देण्यासारखं काही आहे का?" असं विचाराल तर "गेटवर बसवा, आल्यागेल्याला नमस्कार करतील" असं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "तुमचं रोज कोणतं काम मागे पडतं?" मग खरी उत्तरं मिळतात. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं दुपारपर्यंत टेबलावर पडून असतात. वाचनकक्षातली वर्तमानपत्रं काठ्यांना लावायला कुणी मोकळं नसतं. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या राहतात. परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या वह्या पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात मोजायच्या असतात. कॅन्टीनला कांदा सोलायला, स्टीलचे पेले पुसायला माणूस हवा असतो.

काम नसेल तर उगाच तयार करू नका. लावलेलीच पुस्तकं पुन्हा लावायला दिली तर ते त्या तरुणाला कळतं. आपल्याला वाटतं त्याहून खूप लवकर कळतं.

माणूस ओळखणं

बुद्ध्यांकाचा आकडा बाजूला ठेवा आणि घरी जा. तिथे बसून चहा घ्या, आणि तो स्वतःहून काय करतो ते बघा. चपला ओळीत लावतो का? गाड्यांचे नंबर पाठ आहेत का? कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो का? किती वेळ उभा राहू शकतो? फिट येते का, आली तर कशी येते, गोळी किती वाजता असते? शौचाला एकट्याने जातो का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच आधी विचारावा. कामावरून माघारी येण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

मग त्याला विचारा. बोलत नसेल तर ग्रंथालय, बाग, कॅन्टीन यांचे फोटो समोर ठेवा, किंवा सरळ एकेक तास त्या जागी नेऊन बसवा. तो कुठे रमला हे चेहऱ्यावर दिसतं. आईला वाटतं मुलीने कार्यालयात पंख्याखाली बसावं, आणि मुलीचा जीव मात्र बागेतल्या पाइपात असतो. अशा वेळी मुलीचं ऐका.

कामाचे तुकडे पाडणं

सगळं शिक्षण या टप्प्यावर उभं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

परत आलेली पुस्तकं रॅकवर लावणं हे आपल्याला एक काम वाटतं. मी ते स्वतः सावकाश केलं आणि प्रत्येक हालचाल विशेष शिक्षिकेने लिहून घेतली. ट्रॉली टेबलाशी आणायची. पुस्तकाचा कणा आपल्याकडे करायचा. कण्यावरच्या चिठ्ठीतले पहिले तीन आकडे बघायचे. तेच आकडे असलेल्या ट्रॉलीच्या कप्प्यात पुस्तक ठेवायचं. टेबल रिकामं झालं की ट्रॉली पहिल्या रॅकपाशी न्यायची. रॅकवरची पाटी आणि कप्प्यावरचं कार्ड जुळतंय का बघायचं. अशा मिळून चौदा पायऱ्या निघाल्या.

आमच्याकडचा पहिला तरुण चोवीस वर्षांचा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण आकड्यांची चित्रं त्याच्या डोळ्यांत पक्की बसत. मराठी साहित्याचा वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक, ८९१.४६, त्यात कादंबरी-कथा ८९१.४६३. त्याने "मराठी गोष्टी" असा शब्द कधी वापरला नाही, तो म्हणायचा "आठ-नऊ-एक". तिसऱ्या आठवड्यात त्याने एक पुस्तक माझ्या टेबलावर आणून आपटलं आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. आमच्याच कर्मचाऱ्याने वर्षांपूर्वी इतिहासाच्या पुस्तकाला चुकीचा क्रमांक चिकटवला होता. मुखपृष्ठावर किल्ल्याचं चित्र, आणि त्याला ठाऊक होतं की किल्ल्याची पुस्तकं दुसऱ्या रॅकला असतात.

पायऱ्या झाल्या की शिकवायला शेवटून सुरुवात करा. पहिले काही दिवस तेरा पायऱ्या तुम्ही करायच्या आणि चौदावी, म्हणजे पुस्तक रॅकवर सरकवून रिकामी ट्रॉली जागेवर लावणं, त्याने करायची. त्याच्या वाट्याला रोज "काम संपलं" हा आनंद येतो. ती जमली की तेरावी आणि चौदावी त्याची. असं मागे मागे सरकत जायचं. कॅन्टीनच्या कामाला मात्र मी पहिल्या पायरीपासून शिकवतो. सांडलेला चहा कुणी पुसेपर्यंत थांबत नाही, आणि तिथे सुरुवात महत्त्वाची असते.

मदत चार प्रकारची असते: हात धरून करवून घेणं, करून दाखवणं, शब्दाने सांगणं, आणि नुसती खूण करणं. नव्या पायरीला जास्त मदत द्या आणि रोज थोडी काढून घ्या. कोणतीही मदत देण्याआधी मनात पाच आकडे मोजा. हे पाच आकडे मोजणं शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जातं. आपला हात आपोआप पुढे जातो. मी सुरुवातीला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. शब्दांची सवय लागली तर ती सुटता सुटत नाही, म्हणून बोलणं कमी ठेवा. भिंतीवर पायऱ्यांचे फोटो क्रमाने लावा, म्हणजे तो तुमच्याकडे बघण्याऐवजी फोटोकडे बघेल.

वहीत रोज नोंद करा. प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर पुरतं: हा, दा, श, खू, आणि ज्या दिवशी मदतीशिवाय झाली त्या दिवशी स्व. पंधरा दिवसांनी पान उलटलं की कुठे अडलंय ते दिसतं. एखादी पायरी तीन आठवडे "हा"वरच असेल तर ती पायरी बदला, त्या मुलाला दोष देऊ नका. आमच्याकडे एका मुलीला पन्नास वह्या मोजता येईनात. सुताराकडून बरोबर पन्नास वह्या मावतील अशा मापाची एक लाकडी पेटी करून घेतली. पेटी भरली की गठ्ठा झाला. मोजणंच उरलं नाही.

वर्षाची आखणी

अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ साली प्रोजेक्ट सर्च नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तातडीच्या विभागात साहित्य भरून ठेवण्याचं काम शिकवण्यापासून त्याची सुरुवात झाली. एकाच संस्थेत एक वर्ष, आणि त्या वर्षात वेगवेगळ्या विभागांत अनुभव, ही त्याची रचना मला आपल्या कॉलेजांना फार सोयीची वाटते. आम्ही शैक्षणिक वर्षाचे तीन भाग करतो: जूनअखेर ते दिवाळी ग्रंथालय, दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कॅन्टीन किंवा प्रयोगशाळा, मग जिथे जास्त जमलं तिथे पुन्हा. दोन तासांनी सुरुवात करून पाच तासांपर्यंत न्यायचं. एका वेळी चारपेक्षा जास्त तरुण घेऊ नका. पाचवा आला की विशेष शिक्षिकेचं लक्ष फक्त सांभाळण्यात जातं, शिकवणं मागे पडतं.

सुट्ट्यांचं मात्र विसरू नका, ही चूक मी केली आहे. पहिल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली, सूचना फलकावर लावली आणि मी गावी गेलो. फलक आमच्या त्या पहिल्या तरुणाला वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही, आणि घरच्यांना मी फोन केला नव्हता. तो रोजच्या बसने आला आणि बंद फाटकासमोर दुपारपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसला. पहारेकरी मामांनी फोन केला तेव्हा मला कळलं. आता आमच्याकडे प्रत्येकाला भिंतीवरचं कालनिर्णय दिलेलं आहे. सुट्टीच्या तारखेवर तो स्वतः लाल फुली मारतो आणि घरी गेल्यावर आईला दाखवतो.

बसने येणं

येण्याजाण्याला कामाइतकाच वेळ द्या. वडिलांच्या स्कूटरवरून येणारा मुलगा वडील आजारी पडले की घरी बसतो. आधी आठवडाभर शेजारी बसून यायचं. मग दोन बाकं मागे. मग तुम्ही थांब्यावर सोडायचं आणि दुसऱ्या कुणी उतरण्याच्या थांब्यावर उभं राहायचं. मग फक्त फोन. थांबा ओळखायला पाटीपेक्षा पक्की खूण द्या: पेट्रोल पंप गेला की उठायचं. बस चुकली तर काय, बस दुसऱ्या रस्त्याने वळली तर काय, हे मुद्दाम एकदा घडवून आणा, तुम्ही जवळ असताना. खिशात नाव, दोन फोन नंबर आणि कॉलेजचा पत्ता असलेलं कार्ड हवंच. वाहकाशी ओळख करून द्या. नेहमीच्या गाडीचे वाहक फार जिवाभावाने बघतात.

आवारातली माणसं

सुरुवात होण्याआधी कर्मचाऱ्यांची अर्ध्या तासाची बैठक घ्या. त्यात व्याख्यान नको, तीनच गोष्टी सांगा. एक, चोवीस वर्षांच्या माणसाला "बाळा, सोन्या" म्हणायचं नाही. इतर तरुण कर्मचाऱ्यांना जसं "दादा, ताई" आणि अहो-जाहो करता, तसंच इथे. दोन, एका वेळी एकच सूचना. "ते झालं की हे घेऊन तिकडे जा आणि येताना चहा सांग" असं वाक्य टाकलं की त्यातलं शेवटचं तेवढंच उरतं. तीन, चूक झाली तर चूक झाली असं सांगा. कौतुकाच्या ओघात चूक लपवली तर तो तीच शिकेल.

आवाज, गर्दी आणि अचानक बदल यांनी काहीजण बिथरतात. आमच्याकडे एक मुलगा भर दुपारी मिक्सर सुरू झाल्यावर टेबलाखाली जाऊन बसला. त्याला ओढून काढायचा प्रयत्न केला असता तर प्रकरण चिघळलं असतं. कॅन्टीनवाल्या काकांनी मिक्सर बंद केला, सगळ्यांना बाजूला केलं, आणि वीस मिनिटांनी तो आपोआप बाहेर आला. दुसऱ्या दिवसापासून चटणी तो येण्याआधी वाटली जाऊ लागली. शांत बसायची एक जागा ठरवून ठेवा आणि "मला थांबायचंय" एवढं सांगणारं कार्ड त्याच्याजवळ द्या.

फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा यातलं काही नाकातोंडाशी न्यायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान हटवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय.

अंगाला कोण हात लावू शकतं, "नाही" कसं म्हणायचं, आणि कुणाला सांगायचं, हे मुलगे-मुली दोघांनाही चित्रांतून शिकवा. दुसऱ्याच्या अंगाला आपण कधी हात लावायचा नाही, हेही. शाळेत सगळ्यांना मिठी मारायची सवय लागलेली असते. कामावर नमस्कार किंवा हात मिळवणं पुरे. हे कुणी वेळेवर न शिकवल्यामुळे गैरसमज होतात आणि मुलाचं काम जातं.

पैसे

शिकण्याच्या वर्षात थोडं का होईना, विद्यावेतन द्या, आणि ते थेट त्याच्या खात्यात. माजी विद्यार्थी संघ एवढं सहज उचलू शकतो. आमच्या त्या तरुणाने पहिल्या पैशांतून वडिलांसाठी पानाचा डबा आणला. वडील पान खात नाहीत. तो डबा आज त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

वर्षानंतर काम तसंच चालू राहिलं, तर ती नोकरी झाली आणि पगारही त्याच कामाच्या इतर माणसाइतका हवा. "घरी बसण्यापेक्षा बरं ना" असं म्हणून फुकटात वर्षानुवर्षं राबवून घेणारे लोक असतात, आणि पालकही उपकार मानून गप्प बसतात. असं गप्प बसू नका.

वर्षानंतर

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण देतो. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. खासगीत २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. अर्ज करायला जाताना हे धोरण मागून घ्या. विचारणा होते आहे एवढं कळलं तरी पुष्कळदा दार किलकिलं होतं. मुंबईत दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे नाव नोंदवा. पण खरं सांगायचं तर आमच्याकडच्यांना मिळालेली बहुतेक कामं ओळखीतून मिळाली: कॉलेजला कागद पुरवणारा दुकानदार, माजी विद्यार्थ्याची बेकरी, गावातलं सार्वजनिक वाचनालय. मालकाला पत्र दाखवण्यापेक्षा काम करतानाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा.

नव्या जागी विशेष शिक्षिकेने पहिले दोन आठवडे रोज जायचं, मग आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा. तिथल्या पायऱ्या पुन्हा पाडायच्या, कारण तिथलं टेबल वेगळं, ट्रॉली वेगळी, माणसं वेगळी. काहींना बाहेरची नोकरी झेपत नाही आणि ते कार्यशाळेत परततात. आमच्याकडचे दोघे परतले. दोघेही आज तिथे सकाळी वेळेवर एकटे बसने जातात.

काम सुटण्याचं एक कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, ते म्हणजे साहेब बदलतात. जुन्यांना सगळं ठाऊक असतं, नवे येतात, त्यांना तो पुस्तकं आपटतो एवढंच दिसतं. म्हणून वहीची एक प्रत कामाच्या जागी ठेवा. पहिल्या पानावर त्याचा फोटो, त्याला काय येतं, काय नको, गोळीची वेळ आणि विशेष शिक्षिकेचा नंबर. बदलीचा आदेश निघाल्याचं कळलं की नव्या साहेबांच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन ती वही त्यांच्या हातात द्या. आणि शक्य झालं तर त्या दिवशी त्यालाच सगळा विभाग दाखवायला सांगा. आमच्याकडे नवे सहायक ग्रंथपाल आले, तेव्हा रॅकांमधून त्यांना तोच घेऊन गेला. आठ-नऊ-एकपाशी थांबून त्याने पाटीवरची धूळ आधी बाहीने पुसली.